चार हजार दोनशे सोळा ग्रॅम

पुडीतली वाळू बारीक, धुतलेली आणि कोरडी होती. पुडीसकट तिचं वजन सतरा ग्रॅम भरलं. पुडी साध्या पातळ प्लॅस्टिकची. तोंडाशी दोरा गुंडाळून दोन गाठी मारलेल्या आणि गाठीची उरलेली टोकं कात्रीनं सारख्या लांबीची कापलेली. वाळूचे कण जवळजवळ एकाच मापाचे होते, म्हणजे ती चाळलेली असणार. साडेतीन किलोच्या दगडाशेजारी सतरा ग्रॅम वाळू इतक्या निगुतीनं बांधून कुणी कशाला ठेवील, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी उभी होते आणि उत्तर माझ्या हातांना आधीच कळलं होतं. आमच्याकडे मोठ्या वजनांच्या पोटात एक पोकळी असते. वजन ओतून, घासून झालं की ते हवं त्यापेक्षा किंचित हलकंच ठेवतात, मग त्या पोकळीत शिशाचे बारीक छरे एकेक करून टाकायचे, काटा जिथे हवा तिथे येईपर्यंत. शेवटचा छरा चिमट्यात धरलेला असताना मी श्वास रोखते. अठ्ठावीस वर्षं रोखत आले आहे. कुठेतरी, मला माहीत नसलेल्या एखाद्या खोलीत, एका माणसानं दगडाशेजारी वाळू चिमटीचिमटीनं टाकताना असाच श्वास रोखला असेल.

दगड माझ्या खोक्यात निघाला होता. बाबांचा सूक्ष्मदर्शक मी जुन्या वस्तू विकून देणाऱ्या एका कंपनीमार्फत फोनवरून विकला, दुसऱ्या गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना. खोकं मी स्वतः भरलं: तळाला लाकडाच्या पाचरी, भोवती कागदाचे बोळे, वरून चिकटपट्टी. ते कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिलं आणि विसरले. पाचव्या दिवशी, सोमवारी दुपारी, तराजूचं काचेचं दार उघडं असताना फोनवर निरोप आला. ‘ताई, खोक्यात दगड निघालाय. कृपया फोन करा.’ खाली फोटो. माझं खोकं, माझे बोळे, माझ्या पाचरी आणि त्यांच्या मधोमध, सूक्ष्मदर्शकाचा पाय जिथे बसला होता तिथे, एक काळसर दगड, जणू ती जागा त्याच्यासाठीच केलेली. मला राग यायला हवा होता. पण मी त्या फोटोकडे बघत राहिले आणि समोरच्या तराजूचा शेवटचा आकडा माझ्या श्वासानं वरखाली होत राहिला.

त्यानंतर कंपनीनं मला सात दिवस दिले. फोनच्या पडद्यावर दोन चौकोन होते: ‘तक्रार मान्य’, ‘तक्रार अमान्य’. अमान्य केली तर पुरावा जोडायचा. मान्य केली तर बाईंना त्यांची रक्कम परत मिळणार आणि माझ्या नावापुढे ‘वेगळी वस्तू पाठवली’ असा शेरा कायमचा राहणार, कुणालाही दिसेल असा. तिसरा चौकोन नव्हता. वाटेत काही झालं असेल असं म्हणण्याची सोयच नव्हती, कारण वाटेत तीन ठिकाणी तीन काट्यांवर खोक्याचं वजन झालं होतं आणि तिन्ही ठिकाणी ते चार हजार दोनशे सोळा ग्रॅम होतं. मी निघताना केलेलं वजनही चार हजार दोनशे सोळाच. आज सातवा दिवस आहे. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसले आहे आणि खिडकीशी बाबा बसले आहेत, माझ्याकडे पाठ करून.

पाठ करून म्हणजे माझ्याकडे बघत. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, कडेची तेवढी शिल्लक आहे. ज्याच्याकडे बघायचं त्याच्यापासून तोंड फिरवावं लागतं. नवं माणूस घरी आलं की त्याला वाटतं म्हातारा रुसलाय. बाबा त्याची गंमत करतात. “माझी नजर आता सुनेसारखी झाली आहे,” ते म्हणतात, “सरळ बघायचं नाही, पण सगळं दिसतं.” मला भाऊ नाही, त्यामुळे त्यांना सून नाही, त्यांचा विनोद कुठून येतो देव जाणे. चाळीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत रक्ताच्या काचा बघितल्या. जाळीच्या एका घरात किती पेशी, दुसऱ्या घरात किती, एका हातानं गणकाचं बटण दाबत. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं मोडीत काढलेला तो सूक्ष्मदर्शक त्यांनी घरी आणला. मी आठ वर्षांची असताना, इस्पितळातल्या त्याच खोलीत, त्यांनी मला त्याच्यासमोर उंच स्टुलावर बसवलं होतं. माझ्याच बोटाला सुई टोचून, थेंब काचेवर पसरून, रंगवून, वाळवून. मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग बाबांनी चाक फिरवलं आणि धुक्यातून गुलाबी चकत्या वर आल्या, शेकडो, एकीवर एक, मध्येच एखादी जांभळ्या गाभ्याची. “हे कोण आहेत?” मी विचारलं होतं. “ही तू आहेस,” बाबा म्हणाले. स्टुलावरून उतरल्यावर मी दिवसभर सावकाश चालले, आतली गर्दी सांडेल म्हणून. त्या दिवशी जे वाटलं त्याला नाव मी अजून दिलेलं नाही. पुढे पदार्थविज्ञान शिकले, वजनांच्या प्रयोगशाळेत लागले, दुहेरी काचेखाली ठेवलेलं मूळ वजन पहिल्यांदा बघितलं, बोटाच्या एका ठशाचंही वजन असतं आणि ते मोजता येतं हे कळलं, तेव्हा ते पुन्हा वाटलं. आणि या बुधवारी वाटलं, त्या पुडीसमोर.

सूक्ष्मदर्शक विकायचं बाबांनीच सांगितलं. “कपाटात ठेवून त्याची शोभेची वस्तू करू नकोस. ज्याला डोळे आहेत त्याला दे.” शाळेतल्या बाई घेताहेत म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. खोकं निघालं त्या दिवसापासून ते रोज विचारतात, “काय पाहिलं पोरींनी?” सोमवारनंतर मी सांगत आले आहे की अजून सुरुवात व्हायची आहे, परीक्षा आहेत, सुट्टी आहे. कंपनीचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन दार लावून घेते.

परत पाठवलेलं खोकं बुधवारी आलं. कंपनीचा नियम असा की घेणाऱ्यानं मिळालेली वस्तू आहे तशी परत करायची आणि तिचंही वजन होतं. मी खोकं प्रयोगशाळेत नेलं. दगड बाहेर काढला. तीन हजार पाचशे एकोणसत्तर ग्रॅम. पुडी सतरा. दोन्ही मिळून तीन हजार पाचशे शहाऐंशी. सूक्ष्मदर्शकाचं वजन माझ्या वहीत होतं: तीन हजार पाचशे एकोणनव्वद. तीन ग्रॅम कमी. मी खरंच सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे माणूसच होता, चुकला. मग मी खोक्याची चिकटपट्टी पाहिली. माझ्या पट्टीवर दुसरी पट्टी होती, इतकी सरळ बसवलेली की कडेला अर्ध्या मिलिमीटरचा पदर तेवढा दिसत होता. मी ती पाती लावून सावकाश सोलली आणि तराजूत ठेवली. तीन ग्रॅम.

मी खुर्चीवर बसले. त्यानं खोकं बंद करायला लागणारी पट्टीही आधी मोजून धरली होती. कंपनीचे काटे एकेका ग्रॅमच्या पायरीनं चढतात, पण कंपनी तेवढं बारीक बघत नाही. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले असते तरी कुणी विचारलं नसतं. एवढं करायची गरज नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलांना मी हेच शिकवते आणि दहांतल्या नऊ जणांना ते शेवटपर्यंत येत नाही: गरज नसताना अचूक राहणं. आणि चार हजार दोनशे सोळा हा आकडा त्याला कुठून मिळाला? माझ्याकडून. खोक्याच्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यात, माझ्या अक्षरात, शाईनं लिहिलेला होता. आमच्याकडे कुठलीही वस्तू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तिचं वजन तिच्या अंगावर लिहिल्याशिवाय जात नाही. हात आपोआप लिहून जातो. दुसऱ्या कुठल्याही बाईनं पाठवणाऱ्याचा पत्ता लिहून सोडून दिलं असतं. मी त्याला उत्तर आधी लिहून दिलं आणि मग गणित सोडवायला खोकं त्याच्या हाती दिलं.

किती दगड उचलले असतील त्यानं? एक उचलायचा, हातात तोलायचा, टाकायचा. साडेतीन किलोच्या जवळ जाणारा, पण वर न जाणारा, शिवाय त्या पाचरींत बसेल असा. आणि हा दगड. त्याचं हे वजन कुणी तोलण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. कधीतरी तो वितळलेला होता, थंड होताना त्याच्यात हवेचे बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यानं पांढऱ्या सुया वाढवल्या, केसाहून बारीक, एकमेकींना न शिवता उभ्या. ऊन, पाणी, कुणाच्या तरी चाकाखालची ठेच, सगळं झेलत झिजत झिजत तो नेमका तीन हजार पाचशे एकोणसत्तरवर आला आणि थांबला आणि तेवढ्यात कुणी त्याला उचललं. त्या रात्री खोकं घरी आणून मी भिंग घेऊन त्या सुयांकडे बघत होते. आणखी जवळून बघावंसं वाटलं. घरात सूक्ष्मदर्शक नव्हता हे तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं.

आमच्या साहेबांना यातलं काही अवघड वाटलं नाही. ते चांगले आहेत, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि मला सांभाळून घ्यायची त्यांना हौस आहे. “मॅडम, यात विचार करण्यासारखं आहे काय? आपल्या कागदावर चार ओळी टाइप करा. निघालं तेव्हा ४२१६, पोचलं तेव्हा ४२१६. खाली सही ठोका. तुमच्या सहीपुढे कोण बोलणार?”

“वजन तेच आहे, साहेब. वस्तू ती नाही.”

“वस्तूशी आपला संबंध कधी होता? अठ्ठावीस वर्षं तुम्ही वस्तूवर सही करताय का वजनावर?”

ते माझ्या टेबलाच्या कडेला टेकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “हे बघा, पुढच्या महिन्यात तपासणीला माणसं येताहेत. तुमच्या सहीवर औषधांचे काटे चालतात, सराफांचे चालतात. वजनाच्या बाईंनी खोक्यात दगड भरला, असं तुमच्या नावापुढे लिहून आलं की मला तुमची सही थांबवावीच लागेल. मी नाही थांबवली तर ते थांबवतील. मान्यबिन्य काही करू नका.”

त्यांचं खरं होतं. त्या चार ओळींत एकही शब्द खोटा नसता. माझं सगळं आयुष्य मी अशाच ओळींवर उभं केलं आहे: एवढं वजन, एवढ्या तापमानाला, एवढ्या खात्रीनं. काचेच्या पेटीत काय आहे हे तराजू विचारत नाही. सोनं असो, माती असो, दोन्ही पारडी सारखी आली की त्याचं काम संपलं. ही गोष्ट मी कॉलेजात असताना किती सुंदर वाटली होती मला! जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूसारखी आहे, एका बाबतीत तरी. आता त्याच सारखेपणाच्या आड कुणीतरी निवांत बसलं होतं आणि माझी सही त्याच्यावर पांघरूण घालणार होती. मात्र हे कुणीतरी म्हणजे बाईच नसतील कशावरून? हेही मी रोज स्वतःला विचारत होते. परतीच्या खोक्याचं वजन होणार हे त्यांनाही ठाऊक होतं. आकडा बघायला त्यांच्याकडेही झाकण होतं.

काल दुपारी मी त्यांना फोन केला. आवाज लहान होता, माझ्या अंदाजापेक्षा दहा वर्षांनी तरी.

“ताई, तुम्ही केलात ते बरं झालं. मी रोज करणार होते, पण वाटायचं, तुम्ही रागावाल.”

“खोकं कुणासमोर उघडलंत?”

“वर्गात, मुलींसमोर. पण रविवारी शाळा बंद म्हणून ते माझ्या घरी आलं ना, तिथेच घोडं अडलंय. मोठ्या बाई म्हणतात, घरी काय झालं हे आम्हाला काय माहीत? मी अजून कायम नाहीये ताई. शाळेच्या पैशातून घेतलेली वस्तू. तक्रार फेटाळली गेली तर मला पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत, तसं स्पष्टच म्हणाल्यात.” त्या थांबल्या, मग एकदम हसल्या, रडू येऊ नये म्हणून हसतात तशा. “मुलींनी बाटल्यांतून डबक्याचं पाणी आणलं होतं हो. तीस बाटल्या! शिपाईमामा म्हणाले, बाई, डासांची शाळा काढताय का? आणि खोक्यात हा. तास पस्तीस मिनिटांचा. म्हटलं, चला, आता दगड तर दगड. तोच बघा.”

“बघितला?”

“बघितला की. लिहूनही काढलं, सवय म्हणून. बरं ताई, ती वाळूची पुडी ओलीसाठी होती ना? दमट हवेत टाकतात तसली? मी मुलींना तसंच सांगितलंय.”

“नाही,” मी म्हणाले. “वजनासाठी.”

“वजनासाठी? कशाच्या?”

त्या खरोखर विचारत होत्या की विचारल्यासारखं करत होत्या, हे आवाजावरून ठरवायचं शास्त्र मला येत नाही. उद्या कळवते, एवढंच म्हणून मी फोन ठेवला. ‘उद्या’ हा शब्द मी गेले सहा दिवस सगळ्यांना देत होते: साहेबांना, कंपनीतल्या मुलीला, बाबांना.

आज जेवण झाल्यावर मी खोकं पुन्हा उघडलं. कंपनीनं केलेली परतीची नोंद मी एव्हाना चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा तिच्यावरून नजर घसरली होती. परतीचं वजन, पिशवी वजा करून: चार हजार दोनशे एकवीस. पाच ग्रॅम जास्त. कंपनी एवढा फरक सोडून देते, मीही सोडून दिला होता. मी, जिनं तीन ग्रॅमची चिकटपट्टी सोलून काढली! पाच ग्रॅम कसले? मी बोळे एकेक करून उलगडू लागले. सगळे माझे, जुन्या तक्त्यांचे. शेवटचा, पाचरीखाली दाबलेला, रेघांचा होता. एकाच कागदावर चार-पाच जणींची अक्षरं. कोपरे दुमडलेले, कुणीतरी तो मुद्दाम ठेवला होता की बोळ्यांत चुकून गेला होता, कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो पाच ग्रॅम भरला.

मी ओट्याशी उभ्याउभ्याच तो वाचला.

‘दगड काळा, मध्ये राखाडी. भोकं आहेत. काही भोकांत पांढरे काटे आहेत, ते मोडतात म्हणून आम्ही हात लावला नाही. पाणी घातलं की रंग गडद होतो, वाळल्यावर परत येतो. वजन साडेतीन किलोच्या थोडं वर. आमच्या वर्गातला काटा जुना आहे, म्हणून खात्री नाही. भोकांच्या आत अजून काय आहे ते आम्हाला दिसलं नाही.’

म्हणून खात्री नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मोठमोठ्या पदवीधरांना मी हे वाक्य लिहायला लावता लावता थकले. आकडा लिहितात, खात्री किती ते लिहीत नाहीत. मागितली की अपमान झाल्यासारखं बघतात. आणि इथे बारा-तेरा वर्षांच्या कुणा मुलीनं, तिच्या बाटलीतलं न बघितलेलं पाणी उन्हात गरम होत असताना, एका फसवणुकीच्या दगडासमोर बसून, आपल्या काट्याचं म्हातारपण नोंदवून ठेवलं होतं. हे तिला शिकवलं कुणी? ओट्याचा दगड माझ्या तळहाताला थंड लागत होता. आठ वर्षांची असताना स्टुलावरून उतरले तशी मी सावकाश बाहेरच्या खोलीत आले. पट्टीचे तीन ग्रॅम आधी धरणारा माणूस पाच ग्रॅमचा कागद खोक्यात विसरत नाही. हे दोन हात, बाईंचा आणि दगड ठेवणारा, एकाच देहाचे नव्हेत. कोर्टात चालेल असा हा पुरावा नाही, कंपनीत तर नाहीच. पण मी मोजमापातली बाई आहे आणि मला एवढी खात्री पुरते. तो दुसरा हात कुणाचा, तो आत्ता कुठल्या खोलीत कुठली वाळू चाळतो आहे, हे मला कधीच कळणार नाही.

“कागद कसला वाजतोय?” बाबांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

“शाळेतून आलाय.”

ते ताठ बसले. “मग सांग की! काय पाहिलं पोरींनी?”

मी वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. बाबा ऐकत होते आणि त्यांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, न दिसणारं चाक बारीक फिरवल्यासारखी.

“दगड?” ते म्हणाले. “कापून पातळ काच केल्याशिवाय दगड दिसायचा नाही त्यात. कुणी सांगितलं त्यांना दगड घ्यायला?” मग बोटं पुन्हा हलली. “पण पांढऱ्या काट्यांना हात लावला नाही म्हणतेस?”

“नाही लावला.”

“आणि काटा जुना आहे ते लिहिलं?”

“लिहिलं.”

“वा,” बाबा म्हणाले. “वा, वा.” मग मान आणखी वळवली, म्हणजे ते माझा चेहरा नीट बघत होते. “आणि तू रोज गॅलरीत जाऊन बोलतेस ते काय? मला दिसत नाही नीट, ऐकू येतं. दगड कुणाचा?”

साडेचारला पाच मिनिटं होती. फोन वाजला. कंपनीतली मुलगी होती. या आठवड्यात तिसऱ्यांदा तिच्याशी बोलत होते. तिच्या आवाजात थकलेली सभ्यता होती. मी गॅलरीकडे गेले नाही. बाबांच्या खुर्चीशेजारच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले.

“मॅडम, आपलं उत्तर अजून आलेलं नाही. पाच वाजता तक्रार आपोआप अमान्य होईल. म्हणजे तुमच्यासाठी चांगलंच आहे, वजनं जुळताहेत. फक्त एक पुरावा जोडलात तर...”

“पुरावा जोडणार नाही. वाटेत खोकं उघडलं गेलं, असं लिहिता येईल का?”

“तशी सोय नाहीये मॅडम. मान्य किंवा अमान्य. मान्य केलंत तर शेरा पुसला जात नाही, हे मला सांगावं लागतं. नीट ठरवून सांगा, कॉल रेकॉर्ड होतोय.”

बाबांची बोटं थांबली होती. ते पूर्ण भिंतीकडे वळले होते.

“तक्रार मान्य आहे,” मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला, म्हणून मी तो तसाच ठेवला. “बाईंनी सांगितलं ते खरं आहे. मी सूक्ष्मदर्शक पाठवला, त्यांना दगड मिळाला, आणि तो कुणी ठेवला ते मला माहीत नाही. पण खोक्यावर वजन मी लिहिलं होतं. शेरा माझ्या नावावर लिहा.”